औषध घेतलं की नाही, हेच आठवत नाही? या चुका टाळा

स्मरणशक्ती दगा देऊ लागली की गोळी राहून जाते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याहून धोक्याचं म्हणजे घेतलेली गोळी विसरून ती पुन्हा घेणं. मधुमेहाची ग्लिमेपिराइड दोनदा गेली तर साखर एकदम उतरू शकते. रक्त पातळ करणारी वॉरफेरिन दोनदा गेली तर रक्तस्रावाची भीती. त्यामुळे नुसती आठवण करून देणारी सोय पुरत नाही, घेतल्याची खूणही मागे उरायला हवी.

सगळा भरवसा मोबाईलच्या अलार्मवर ठेवणं ही नेहमीची चूक. अलार्म वाजतो, आपण तो बंद करतो, पाणी आणायला उठतो आणि वाटेत दुसरंच काम निघतं. गोळी गिळेपर्यंत अलार्म बंद करायचाच नाही, आणि पाणी आधीच जवळ ठेवायचं.

स्ट्रिपमधून रोज गोळी काढली तर आजची घेतली का, हे कळायला मार्ग नसतो. वार आणि वेळ लिहिलेल्या कप्प्यांची डबी घ्या. रिकामा कप्पा स्वतःच उत्तर देतो. मात्र ती आठवड्यातून एकदा दुसऱ्या कुणीतरी भरावी किंवा निदान तपासावी. मेथोट्रेक्सेट संधिवातासाठी असेल तर आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती रोजच्या कप्प्यात गेली तर जिवावर बेतू शकतं. जिभेखाली ठेवायच्या नायट्रोग्लिसरीनसारख्या काही गोळ्या मूळ बाटलीतच ठेवायच्या असतात, म्हणून डबी भरण्याआधी औषधवाल्याला विचारा. डबी दमट बाथरूममध्ये नको.

घरच्यांचीही एक चूक होते. फोनवर “औषध घेतलंस का?” विचारलं की उत्तर “हो”च येतं, आणि ते खोटं नसतं, कालची आठवण आजची वाटते. त्याऐवजी “डबी बघ, आज सकाळचा कप्पा रिकामा आहे का?” असं विचारा. डबी उघडूनही जास्तीच्या गोळ्या घेतल्या जात असतील, तर ठरल्या वेळीच उघडणारी कुलपाची डबी लागेल.

शंका आली म्हणून “असू दे, घेऊन टाकू” करू नका. चुकल्यास किंवा खात्री नसल्यास काय करायचं, हे प्रत्येक औषधाबद्दल डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या आणि तो कागद डबीजवळ चिकटवा. दिवसातल्या वेळा कमी करता येतील का, हेही विचारा. चार वेळांपेक्षा एक वेळ सांभाळणं सोपं.

झोपेच्या काही गोळ्या आणि डायफेनहायड्रामिनसारखी ॲलर्जीची जुनी औषधं स्वतःच विसराळूपणा वाढवतात. दुकानातून परस्पर घेतलेल्या गोळ्यांसकट सगळी यादी डॉक्टरांना दाखवा, पण आपल्या मनाने कुठलीही बंद करू नका.