क्रोशाचा दाणेदार वॉशक्लॉथ: सूत, सुई आणि सुझेट वीण

वॉशक्लॉथने साबणाचा भरपूर फेस करावा, अंग नीट घासावं आणि दुसऱ्या दिवशीच्या आंघोळीपर्यंत खडखडीत वाळावं. नमुना निवडताना पहिल्या दोन गोष्टी सगळे बघतात, तिसरी विसरतात. मग बॉबल किंवा पॉपकॉर्नचे फुगीर गोळे असलेला देखणा चौकोन तयार होतो आणि जुलैत तो तीन दिवस ओला राहून कुबट वास मारायला लागतो. जाड गोळ्यांच्या पोटात साबणही अडकून बसतो. वॅफल वीण सुंदर दिसते, पण सूत फार खाते आणि जाड होते. ती ओट्यावरच्या फडक्याला ठीक. शंखांच्या नमुन्यात भोकं राहतात आणि अंग घासताना त्यातून बोटं आरपार जातात.

म्हणून इथे सुझेट वीण घेतली आहे. एकाच घरात (सुई घालायच्या जागेत) एक मुका खांब आणि एक खांब, पुढचं घर सोडायचं, एवढीच ती वीण. हे टाके कसे घालायचे ते खाली आहे. आखूड टाक्याशेजारी उंच टाका आला की उंच टाका कलतो आणि त्याचा बारीक दाणा वर येतो. कापड दोन्ही बाजूंनी सारखंच दिसतं, भोकं पडत नाहीत आणि जाडी एका थराएवढीच राहते. सोलापूरचा टेरी टॉवेल पाणी पितो तो त्याच्या उभ्या फासांमुळे, पंचा लगेच वाळतो तो पातळपणामुळे. सुझेट या दोन्हींच्या मधे कुठेतरी बसते.

सूत आणि सुई

सूत शंभर टक्के कॉटन हवं. ॲक्रिलिक लोकर पाणी शोषत नाही, अंगावर नुसती घसरते. कॉटनमध्येही मर्सराइज न केलेलं, म्हणजे चकाकीसाठी रासायनिक प्रक्रिया न केलेलं, थोडं मॅट दिसणारं सूत घ्या. मर्सराइज्ड सूत चकाकतं, तोरणाला आणि टेबलक्लॉथला ते छान, पण त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि पीळ बहुधा घट्ट असतो. त्यामुळे पाणी चटकन ओढलं जात नाही.

जाडी ठरवताना लेबलवरच्या ‘प्लाय’वर विसंबू नका. प्लाय म्हणजे किती पदर पिळले आहेत ते. पदरच बारीक असतील तर आठ पदरी सूतही बारीकच राहतं. वजन आणि लांबी बघा. 100 ग्रॅममध्ये साधारण 160 ते 200 मीटर सूत असेल तर ते या कामाचं. 350 ते 400 मीटर असेल तर सूत बारीक आहे, दोन धागे एकत्र धरून विणा. एका वॉशक्लॉथला किनार आणि अडकवायचा फास धरून 40 ते 50 ग्रॅम लागतं, म्हणजे 100 ग्रॅमच्या गुंड्यात बहुधा दोन होतात. घरात डिजिटल वजनकाटा असेल तर सुरू करण्यापूर्वी गुंडा तोलून ठेवा. अर्धा रुमाल झाल्यावर पुन्हा तोललं की सूत पुरणार का ते तिथेच कळतं.

सुई 5 मिमी. घरोघरी जी बारीक पोलादी सुई असते ती लेसच्या दोऱ्यासाठी, इथे तिचा उपयोग नाही. ॲल्युमिनियमची किंवा बांबूची चालेल. हात घट्ट असणाऱ्यांनी 5.5 मिमी घ्यावी. कॉटनला लोकरीसारखा ताण नसतो, त्यामुळे घट्ट विणणाऱ्याचं मनगट लवकर दुखतं आणि कापड पुठ्ठ्यासारखं ताठ होतं. याशिवाय मोठ्या नेढ्याची बोथट सुई, कात्री आणि दोन सेफ्टी पिना.

लागणारे टाके

साखळी सगळ्यांना येते: दोरा सुईवर घेऊन फासातून ओढायचा. मुका खांब: सुई घरात घालून दोरा ओढायचा, सुईवर दोन फास होतात, पुन्हा दोरा घेऊन दोन्हींतून एकदम काढायचा. खांब: आधी सुईवर दोऱ्याचा एक वेढा, मग घरात घालून दोरा ओढायचा, आता सुईवर तीन फास. दोरा घेऊन दोनांतून काढायचा, पुन्हा घेऊन उरलेल्या दोनांतून.

व्हिडिओ बघून विणणाऱ्यांसाठी एक खुलासा. इथला मुका खांब म्हणजे अमेरिकन पद्धतीतला सिंगल क्रोशे. ब्रिटिश पद्धतीत त्यालाच डबल क्रोशे म्हणतात. इथला खांब अमेरिकन डबल, ब्रिटिश ट्रेबल. पद्धतींची गल्लत झाली की दोन्ही टाके एकेक पायरी उंच होतात आणि वॉशक्लॉथची जाळी होते.

सुरुवात

30 साखळ्या घाला. साखळी सैल हवी, कारण ती घट्ट राहिली तर पहिली कड आखडते आणि चौकोनाऐवजी वर रुंद, खाली अरुंद असं काहीतरी तयार होतं. हाताने सैल घालणं जमत नसेल तर फक्त साखळीपुरती अर्ध्या मिलिमीटरने मोठी सुई वापरा.

ओळ 1: सुईपासून दुसऱ्या साखळीत एक मुका खांब आणि त्याच साखळीत एक खांब. एक साखळी सोडा, पुढच्या साखळीत पुन्हा मुका खांब आणि खांब. असं करत जा. शेवटी एक साखळी सोडून सगळ्यात शेवटच्या साखळीत फक्त एक मुका खांब. ओळीत 14 जोड्या आणि शेवटचा एकटा, असे 29 टाके झाले पाहिजेत.

ओळ 2: एक साखळी घालून काम उलटा. ही साखळी टाका म्हणून मोजायची नाही. पहिल्याच टाक्यात, म्हणजे मागच्या ओळीच्या त्या एकट्या मुक्या खांबात, मुका खांब आणि खांब. पुढचा खांब सोडा, त्यापुढच्या मुक्या खांबात जोडी. शेवटचा खांब सोडून शेवटच्या मुक्या खांबात एकच मुका खांब. पुन्हा 29.

पुढच्या सगळ्या ओळी दुसरीसारख्याच. नियम एवढाच की सुई नेहमी मुक्या खांबात जाते आणि खांब नेहमी सोडला जातो. ओळीची सुरुवात जोडीने होते, शेवट एकट्याने.

दाणा किती उठावदार होतो हे खांबाच्या पहिल्या ओढीवर अवलंबून आहे. दोरा घरातून बाहेर काढल्यावर तो जवळजवळ एक सेंटिमीटर वर उचला आणि मग पुढचा टाका पूर्ण करा. लगेच आवळला तर खांब मुक्या खांबाएवढाच बुटका राहतो आणि कापड सपाट दिसतं. बाकी टाके बरोबर असूनही नमुन्याला उठाव का नाही, याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

पहिल्या दोन ओळींत नमुना दिसत नाही, कड वळतेही. घाबरून उसवू नका. चौथ्या-पाचव्या ओळीनंतर दाणे तिरके, एकाआड एक बसलेले दिसायला लागतात. तेव्हा पट्टी लावून बघा, रुंदी 20 सेंटिमीटरच्या आसपास हवी. सेंटिमीटरभर इकडेतिकडे झालं तर काही बिघडत नाही. कापड हातात जड आणि ताठ लागत असेल तर मात्र मोठी सुई घेऊन पुन्हा सुरू केलेलं बरं. पाच ओळींचं नुकसान परवडतं, पंचवीस ओळींचं नाही.

चौकोन व्हायला साधारण 22 ते 26 ओळी लागतात, पण ओळी मोजण्यापेक्षा घडी घालून पाहणं खात्रीचं. खालचा एक कोपरा उचलून समोरच्या उभ्या कडेवर तिरका ठेवा. वरची कड घडीच्या टोकाशी जुळली की चौकोन झाला.

कुठे चुकतं

टाके 29 ऐवजी 28 किंवा 27 भरले तर ओळीच्या शेवटचा मुका खांब राहून गेला आहे. त्याच्या आधीचा खांब त्याच्यावर कलतो आणि तो झाकला जातो. नवीन विणणाऱ्याला तिथे टाका आहे असं वाटतच नाही. म्हणून प्रत्येक ओळीचा पहिला मुका खांब झाला की त्याच्या डोक्यात सेफ्टी पिन अडकवा. पुढच्या ओळीचा शेवट तिथेच करायचा आहे.

टाके 30 झाले तर शेवटच्या घरात एकट्या मुक्या खांबाऐवजी पूर्ण जोडी गेली, किंवा उलटताना घातलेल्या साखळीतही टाका घातला गेला. दोन्हींत कड बाहेर पसरत जाते.

मधेच एक भोक दिसतं आणि त्यापुढे दाणे एकाखाली एक येतात, तेव्हा सुई मुक्या खांबाऐवजी खांबात गेलेली असते. ओळखायची खूण सोपी आहे. कापड बोटांत जरा ताणा. खांबाच्या अंगावर एक तिरपी रेघ दिसते आणि तो बाजूला लोळलेला असतो. मुका खांब बुटका, सरळ. ही चूक पुढच्या ओळीत सावरून घेता येत नाही, तिथपर्यंत उसवावंच लागतं. कॉटन उसवायला सोपं असतं, ते लोकरीसारखं अडकत नाही.

कडा दातेरी दिसतील, तर त्याला उपाय किनार आहे.

किनार आणि फास

शेवटची ओळ झाली की एक साखळी घालून उलटा. आता काही सोडायचं नाही. पहिल्या टाक्यात एक मुका खांब, मग मधल्या 27 टाक्यांत, खांबांतसुद्धा, एकेक मुका खांब, शेवटच्या टाक्यात तीन. हा कोपरा. उभ्या बाजूवरही 27 मुके खांब बसवायचे आहेत. 24 ओळी असतील तर प्रत्येक ओळीच्या टोकात एक आणि तीन ठिकाणी दोन, अंतर सारखं ठेवून. मग कोपऱ्यात तीन, खालच्या साखळीवर 27 (सोडलेल्या साखळ्यांतही), कोपऱ्यात तीन, दुसऱ्या उभ्या बाजूवर 27. सुरुवातीच्या टाक्यात आणखी दोन घालून तोही कोपरा तीनचा करा. एकूण 120 टाके. स्लिप स्टिचने जोडा, म्हणजे सुई पहिल्या टाक्यात घालून दोरा ओढायचा आणि तोच सुईवरच्या फासातूनही काढायचा.

किनारीला लाटा आल्या तर उभ्या बाजूंवर टाके जास्त झाले, कोपरे आत ओढले गेले तर कमी.

दोरा तोडू नका. तिथूनच 14 साखळ्या घाला, त्याच कोपऱ्यात स्लिप स्टिच करून फास पूर्ण करा, काम उलटा आणि त्या फासाभोवती 18 मुके खांब विणा. नुसत्या साखळीचा फास ओल्या रुमालाच्या वजनाने महिन्याभरात लांबतो. फास हवाच, कारण नळावर चुरगळून ठेवलेला वॉशक्लॉथ कोणत्याही विणीचा असला तरी वाळत नाही.

दोऱ्याची टोकं निदान 15 सेंटिमीटर ठेवा. बोथट सुईत ओवून आधी एका दिशेने टाक्यांच्या पोटातून न्या, मग उलट्या दिशेने, मग वळून तिसऱ्या दिशेने. गाठ मारू नका. ती अंगाला टोचते आणि धुताना शेवटी सुटतेच. मधे नवीन गुंडा जोडायचा असेल तर ओळीच्या शेवटच्या मुक्या खांबावर जोडा: शेवटचे दोन फास सुईवर असताना जुना दोरा सोडून नवा ओढून घ्या.

वापर आणि धुणं

पहिल्या धुण्यात कॉटन थोडं आटतं आणि दाणे आणखी जवळ येतात, त्यामुळे नवा वॉशक्लॉथ किंचित सैल वाटला तरी चालेल. लाल, गडद निळा, काळा असे रंग पहिल्या दोन-तीन वेळा वेगळे धुवा. फॅब्रिक सॉफ्टनर टाळा, त्याचा थर सुतावर बसतो आणि पाणी शोषणं कमी होतं. कडक गरम पाणी कॉटनला चालतं, कुबट वास आलाच तर तेच वापरा.

दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला उटणं घासायला ही वीण चांगली. घोसाळ्याच्या जाळीपेक्षा मऊ आहे आणि दाणे उटणं धरून ठेवतात. मात्र हळद असलेल्या उटण्याने पांढरा वॉशक्लॉथ पिवळा होतो आणि तो डाग सहजासहजी जात नाही. त्यासाठी मोहरी किंवा गडद रंगाचा एक वेगळा विणून ठेवा.

मापं बदलायची तर साखळ्यांची संख्या सम ठेवा, बाकी काही बदलत नाही. चेहऱ्यासाठी 22 साखळ्या (21 टाके, सुमारे 15 सेंटिमीटर), ओट्यासाठी 36 (35 टाके, सुमारे 24 सेंटिमीटर). किनारीला प्रत्येक बाजूवर, कोपरे सोडून, टाक्यांपेक्षा दोन कमी धरा: 21 ला 19, 35 ला 33. तान्ह्या बाळासाठी विणायचं असेल तर 5.5 मिमी सुई घ्या आणि फास घालू नका, बाळाची बोटं त्यात अडकतात.