हेडफोनवरचा टोन मंडपात मरतो: गिटार प्रोसेसरवाल्यांनो, या चुका टाळा

परवा रात्री साडेअकराला एका पोट्ट्याचा फोन आला. आर्णीकडे कार्यक्रम होता, स्टेजमागून बोलत होता. "भाऊ, घरी लय जबरदस्त वाजत होती, इथं नुसता मच्छर गुणगुणून रायला. साउंडवाल्याले काई समजतच नाई."

"घरी कशावर ऐकत होता बे?"

"हेडफोनवर."

मग त्यात साउंडवाल्याचा काय गुन्हा?

असे फोन दर सीझनला येतात, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. आमच्या यवतमाळ-वाशीम पट्ट्यात ऑर्केस्ट्रावाले गिटारचा अॅम्प (आवाज मोठा करणारी पेटी) नेत नाहीत. क्रूझरमध्ये आठ-नऊ माणसं, टपावर कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि ढोलकी, त्यात वीस किलोचा अॅम्प कोण कोंबणार? पायाखालचा प्रोसेसर, म्हणजे गिटारचा टोन घडवणारं यंत्र, हाच अॅम्प, तोच कॅबिनेट (स्पीकरची पेटी), तोच पेडलबोर्ड (इफेक्टच्या पेडलांची पाटी). यंत्रं आता स्वस्त आणि खरोखर चांगली झालीत. वाजवणाऱ्याची घाई मात्र तीच आहे.

हेडफोनवर पॅच बनवणं

या चुकीचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण ती मी स्वतः केली आहे. पहिला प्रोसेसर घेतला तेव्हा तीन रात्री जागून पॅच, म्हणजे सगळ्या नॉबची जागा साठवून ठेवलेला टोन, बनवला. बास ७, ट्रेबल ७, मिड (मधला आवाज) २, गेन (आवाज फाडणारा नॉब) ८ आणि वर लांबलचक रिव्हर्ब (घुमारा). कानात असा घुमायचा की मीच माझ्यावर खूश. १४ एप्रिलला दिग्रस तालुक्यातल्या एका गावात भीमगीतांचा कार्यक्रम होता. समोर रस्त्यापर्यंत माणूस, दोन्ही बाजूंना टॉप (वरचे स्पीकर) आणि खाली अठरा इंची बासचे बॉक्स. पहिल्याच गाण्याची इंट्रो मी वाजवली आणि ऑक्टोपॅडच्या किकमध्ये (मोठ्या ड्रमच्या ठोक्यात) माझा बास मिसळून नुसता "घुंऽऽ" झाला. साउंडवाल्या काकांनी मिक्सरवरचा माझा फेडर (आवाजाची पट्टी) खाली ओढला. मी प्रोसेसरचा व्हॉल्यूम वाढवला, त्यांनी फेडर आणखी खाली घेतला. दोन तास आमची ही रस्सीखेच चालली.

नंतर पंगतीत एक आजोबा शेजारी बसले, स्वतः हार्मोनियम वाजवणारे. वांग्याच्या भाजीत पोळी चुरता चुरता म्हणाले, "बाबू, तुयी गिटार बंद पडली होती काय? हात तर लय हलवत होता तू."

रात्री मोबाइलवरचं रेकॉर्डिंग ऐकलं. आजोबा खरं बोलत होते.

यामागचं कारण जुनंच आहे. बेल लॅबच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं की आवाज हळू असला की कानाला बास आणि वरचा ट्रेबल कमी ऐकू येतो, मोठा झाला की ते पुढे येतात. म्हणून खोलीत बसलो की आपण बास-ट्रेबल चढवतो आणि मिड खणून काढतो. तोच पॅच डीजेच्या बॉक्समधून आला की बास फुगतो, ट्रेबल टोचतो, आणि गिटार ज्या मिडमुळे गिटार वाटते ते जागेवर नसतंच. गिटारची सगळ्यात जाड तार साधारण ८२ हर्ट्झला वाजते. त्याखाली जे येतं तो हाताचा धप्पा आणि बॉक्सची घुमघुम. ती जागा किक आणि बास गिटारची आहे, तिथं घुसू नका.

आता मी काय करतो ते सांगतो. एक मित्र बिछायत केंद्र चालवतो. लग्नाची तारीख नसलेल्या दिवशी दुपारी त्याच्या गोदामात जातो. खुर्च्यांच्या चळती आणि गाद्यांचे ढीग यांच्यामध्ये एक टॉप उभा करतो, मिक्सरचा ईक्यू (बास-मिड-ट्रेबलचे नॉब) मधोमध ठेवतो आणि आवाज एवढा लावतो की बाजूच्याशी ओरडून बोलावं लागेल. आधी लो कट (खालचा आवाज कापणारा) १०० हर्ट्झवर, हाय कट (वरचा कापणारा) ६००० च्या आसपास. खऱ्या गिटार स्पीकरमधून ५००० हर्ट्झच्या वर फारसं काही येतच नाही, त्यामुळे तिथली चरचर कापली तर काही गमावत नाही. मग बास ३, मिड ६ ते ७, गेन निम्म्याच्या खाली. दुसऱ्या चॅनेलवर मोबाइलवरून आमच्याच कार्यक्रमाचा ढोलकी-ऑक्टोपॅडचा ट्रॅक लावतो आणि त्याच्यासोबतच पॅच ऐकतो.

एकटा ऐकला तर हा पॅच बकरी में-में करते तसा वाटतो. ट्रॅकसोबत तोच नीट बसतो आणि शब्दाशब्दाला ऐकू येतो. नव्या पोरांना ही बकरी सहन होत नाही. गोदामात माझ्यासमोर मान डोलावतात, घरी जाऊन हेडफोन लावतात आणि मिड परत २ वर आणतात.

मी दिलेले आकडे जसेच्या तसे उतरवू नका. तुमची गिटार वेगळी, पिकअप वेगळे. गोदाम नसेल तर कार्यक्रमाच्या दिवशी दोन तास आधी पोचा. मंडपवाले पडदे बांधत असतात, तेव्हा साउंडवाला मोकळा असतो. चहा पाजा.

बाकीच्या चुका पटापट सांगतो.

गेन जास्त. गेन वाढवला की आवाज दाबला जातो, बोटांचा ठसठशीतपणा जातो आणि गर्दीत गिटार हरवते. तुम्हाला वाटतो त्याच्या निम्मा पुरे.

रिव्हर्ब. मंडपाच्या मागे शाळेची भिंत असते, ती फुकट रिव्हर्ब देते.

इंटरनेटवरून उतरवलेले पॅच. दुसऱ्याच्या मापाचे जोडे आहेत ते. शिकायला उघडून बघा, स्टेजवर घालू नका.

स्टिरिओ. गावातला साउंड बहुतेक मोनोच असतो, म्हणजे डाव्या-उजव्या बॉक्समधून एकच आवाज. पिंगपाँग डिले (डावी-उजवीकडे उड्या मारणारा प्रतिध्वनी) आणि रुंद कोरस (एका गिटारच्या दोन-तीन वाटायला लावणारा इफेक्ट) मोनोत एकत्र आले की आवाज पोकळ होतो, कधी अर्धा गायबच. पॅच मोनोत बनवा आणि वायर लेफ्ट-मोनो लिहिलेल्या भोकातच घाला.

कॅबिनेट सिम्युलेशन, म्हणजे स्पीकरच्या पेटीची नक्कल. मिक्सरमध्ये जाताना चालू. गिटार अॅम्पच्या रिटर्नमध्ये (मागच्या इनपुटमध्ये) जाताना बंद. उलटं केलं की एकीकडे मधमाश्या, दुसरीकडे गोधडीखालचा आवाज.

सोलोला गेन वाढवणं. सोलोला आवाज हवा असतो, गेन नाही. इफेक्टच्या साखळीच्या शेवटी ३-४ डेसिबलचा बूस्ट लावा. आणि एकाच गाण्यात पॅच बदलू नका, बऱ्याच यंत्रांत मध्ये क्षणभर आवाज तुटतो. त्याच पॅचमध्ये इफेक्ट चालू-बंद करा.

प्रत्येक गावात सगळे पॅच उचकटणं. सगळ्या पॅचवर एकदम लागू होणारी ग्लोबल ईक्यू नावाची सोय त्यासाठीच आहे. मैदान असो की सभागृह, मी तेवढंच हलवतो.

आता विजेबद्दल, कारण यावर कोणी व्हिडिओ बनवत नाही.

उमरखेडकडे एका हळदीत सोलोच्या ऐन मध्यावर लाइन गेली. जनरेटर तयार होता, पोरानं हँडल मारलं, दहा सेकंदांत लाइट आले. ऑक्टोपॅड आला, कीबोर्ड आला, नवरदेवाचे मित्र पुन्हा नाचायला लागले. माझा प्रोसेसर मात्र स्क्रीनवर कंपनीचं नाव दाखवत निवांत बसलेला. गायकानं "हात वर, हात वर" करत वेळ काढला. यंत्र उठलं तेव्हा लक्षात आलं की साउंड चेकला केलेले सगळे बदल मी सेव्हच केले नव्हते. परत तोच जुना घुंऽऽ.

तेव्हापासून दोन सवयी लागल्या. नॉब हलवला की लगेच सेव्ह. आणि कॉम्प्युटरचा ६०० व्हीएचा छोटा यूपीएस पेटीत कायम. माझ्या अडॅप्टरवर ९ व्होल्ट, ५०० मिलिअँपियर लिहिलंय, म्हणजे साडेचार वॅट. एवढ्याशा ओझ्याचं त्या यूपीएसला काहीच वाटत नाही. अडॅप्टर विसरलात तर कीबोर्डवाल्याचा अडॅप्टर पिन बसते म्हणून खुपसू नका. व्होल्ट वेगळे असतात, आणि प्लस-मायनस उलटं असलं तर यंत्र जळू शकतं. मी दुसरा अडॅप्टर गिटारच्या बॅगेत ठेवतो, पेटीत नाही, कारण पेटी विसरली तर दोन्ही जातात.

भुणभुण येत असेल तर प्लगची तिसरी पिन तोडणाऱ्यापासून लांब राहा. डीआय बॉक्सवर (गिटार मिक्सरला जोडणाऱ्या डबीवर) किंवा प्रोसेसरच्या एक्सएलआरजवळ (तीन पिनांच्या आउटपुटजवळ) ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते दाबा; त्यानं फक्त आवाजाच्या वायरीतला ग्राउंड तुटतो. गावात सॉकेटला अर्थिंग असेलच असं नाही, म्हणून मी खिशात टेस्टर ठेवतो. गिटारच्या तारांना लावून बघतो, माईकच्या जाळीला लावून बघतो. लुकलुकला तर ओठ माईकजवळ नेत नाही, आधी वायरमनला बोलावतो. यावर हसणारे भेटतात, हसू द्या.

आणि यूपीएसचा बीप बंद करायचं बटण घरीच शोधून ठेवा. पहिल्यांदा नेला तेव्हा मला ते माहीत नव्हतं. लाइन गेली, सगळा मंडप चिडीचूप, आणि अंधारात माझ्या पायाखालून टीं, टीं, टीं. गायक मागे वळून म्हणाला, "कोनाचा मोबाइल वाजून रायला बे, उचला ना!"