वरच्या मजल्यावर चिठ्ठी: डीएसवर हाताने मराठी लिहिताना

आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात खालून वर निरोप द्यायचा तर जिन्याशी उभं राहून ओरडावं लागतं. दुपारी ओरडलं की भाऊ जागा होतो आणि मग दिवेलागणीपर्यंत त्याचं तोंड वाकडं. आईला ओरडलेलंही ऐकू येत नाही. म्हणून मी माळ्यावरून भाचीचे दोन जुने निन्टेंडो डीएस लाइट काढले, म्हणजे हातात धरून गेम खेळायची दोन पडद्यांची यंत्रं. तिसरा एका रविवारी जुन्या बाजारात मिळाला. बिजागरीला चीर गेलेली, पण दोन्ही पडदे धड.

या खेळण्यात पिक्टोचॅट नावाची सोय मुळातच असते. गेमची कार्ट्रिज लागत नाही, इंटरनेट लागत नाही, सिमकार्ड तर नाहीच. खालच्या पडद्यावर यंत्रासोबतच्या काडीने (स्टायलसने) लिहायचं, पाठवायचं, की समोरच्याच्या वरच्या पडद्यावर ते तुमच्याच अक्षरात उमटतं. २००४ च्या पहिल्या डीएसमध्ये ती होती, २००६ च्या लाइटमध्ये आणि २००८ च्या डीएसआयमध्येही आहे. त्यानंतर आलेल्या थ्रीडीएसमध्ये मात्र नाही. त्यासाठी स्वॅपनोट नावाची वेगळी सोय निघाली होती. पण अनोळखी माणसं लहान मुलांना नको ते पाठवू लागल्यावर निन्टेंडोने तिची इंटरनेटवरची देवाणघेवाण २०१३ मध्ये थांबवली. तेव्हा घेताना विकणाऱ्याने "नवीनवालं आहे ताई" म्हटलं तरी हुरळू नका, जुनंच मागा.

आधी चार्जरचं सांगते, कारण तिथे मी हात पोळून घेतलाय. भाचीचा चार्जर अमेरिकेतून आलेला. त्यावर बारीक अक्षरात १२० व्होल्ट लिहिलेलं, ते न वाचता मी नुसती पिन बदलून आपल्या २३० च्या प्लगात खुपसला. फट् आवाज, करपलेला वास, संपलं. जपानी असेल तर त्यावर १०० लिहिलेलं असतं, गत तीच. तापकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रिक सामानाच्या बाजारात, डीएस लाइटला बसणारी यूएसबी वायर मागा आणि मोबाइलच्या साध्या चार्जरला लावा. केशरी दिवा विझला की भरलं. बॅटरी धरत नसेल तर मागचं झाकण एका साध्या चौफुली स्क्रूवर असतं, घरी बदलता येते. ती फुगलेली दिसली तर मात्र वापरू नका.

चालू केल्यावर सूचना येते, पडद्याला टोक लावलं की यादी, त्यात पिक्टोचॅट. त्याआधी सेटिंगमध्ये जाऊन दोन कामं उरका. एक, नाव: दहाच अक्षरं मावतात आणि देवनागरी नाही, म्हणून मी इंग्रजी अक्षरांत 'आत्या' झाले. दुसरं, स्पर्श जुळवणं: दाखवलेल्या खुणांवर काडीचं टोक नेमकं ठेवायचं. जुन्या यंत्रात हे केलं नाही तर काना एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे पडतं.

आता खरं काम. खाली कळफलक आहे, त्यावरची अक्षरं काडीने ओढून कागदावर ठेवताही येतात. पण ती इंग्रजी, जपानी आणि चित्रं. मराठी हवं तर हातानेच. कागदाला पाचच ओळी, त्यातही पहिल्या ओळीचा डावा कोपरा तुमच्या नावाने खाल्लेला. इंग्रजी लिहिणारा ओळीवर अक्षर बसवतो. आपण ते ओळीला टांगायचं. आणि एक ओळ सोडून लिहायचं, नाहीतर वरच्या ओळीतले उकार खालच्या वेलांट्यांत अडकतात. म्हणजे एका चिठ्ठीत मराठीच्या दोन, फार तर तीन ओळी. पुणेकराला पुरतात. शिरोरेषा शेवटी, सबंध शब्दावर एका झटक्यात ओढा. पेन बारीकच निवडा. जाड पेनाने 'क्ष' आणि 'ज्ञ' यांचे सारखेच काळे गोळे होतात.

तळहात टेकवू नका. हा पडदा मोबाइलसारखा नाही, दाबावर चालतो. काडी गेली तर नखानेही लिहिता येतं, पण एका वेळी त्याला एकच जागा कळते. काडी आणि तळवा दोन्ही दाबले गेले की तो मधलंच काहीतरी धरतो आणि अक्षरातून वेडीवाकडी रेघ सुटते. मी करंगळी पडद्याबाहेरच्या कडेवर ठेवते. आईला हे शिकवावं लागलंच नाही. ती पाटीवर शिकलेली. ओली पाटी पुसली जाऊ नये म्हणून हात उचलून लिहायची सवय ऐंशीतही गेलेली नाही. घरात सगळ्यात सुंदर अक्षर तिचंच उमटतं.

लिहिण्याआधी खोली निवडायची असते: ए, बी, सी, डी अशा चार, प्रत्येकीत सोळा जण मावतात. सगळ्यांनी एकच निवडा, नाहीतर भाऊ 'बी'त बसून कुणी बोलत नाही म्हणून रुसतो. खोलीला कुलूप नाही. आसपास आणखी कुणाकडे डीएस असेल तर तोही शिरू शकतो. पल्ला साधारण १० ते ३० मीटर. आमच्याकडे लाकडी तक्तपोशीतून वर आरामात जातं, पण मागच्या न्हाणीघराकडची जाड भिंत मध्ये आली की गायब.

भाची आली की फुली-गोळा चालतो. एकाने चौकट काढून फुली टाकायची नि पाठवायची. दुसऱ्याने वरच्या पडद्यावरची ती चिठ्ठी खाली उतरवून घेण्याचं बटण दाबायचं, त्यावरच गोळा काढायचा, परत पाठवायचं. पुसायचं खोडरबरही आहे, त्यामुळे भाचीवर नजर ठेवावी लागते.

बंद केलं की सगळं जातं, यंत्र काहीच साठवत नाही. ठेवावीशी चिठ्ठी आली तर लगेच मोबाइलने फोटो काढा. आईची पहिली चिठ्ठी माझ्याकडे अशीच आहे: "आमटीत मीठ दोनदा कोणी घातलं?" त्या दिवशी खोलीत आम्ही तिघं होतो. उत्तर कुणीच पाठवलं नाही.