आवाजाची गणितं: या चुका टाळा

नाशिकच्या कॉलेज रोडला माझ्याकडे नववीची मुलं शिकवणीला येतात. ध्वनीच्या धड्यात सूत्र सहसा कुणाचं चुकत नाही; वेग = वारंवारता (सेकंदाला होणारी कंपनं) × तरंगलांबी (एका तरंगाची लांबी) हे झोपेतही म्हणतील. मार्क जातात ते भलतीकडेच.

पहिला खड्डा एककांचा. परवा फळ्यावर लिहिलं: वारंवारता ४ किलोहर्ट्झ, तरंगलांबी ८.६ सेंटिमीटर, वेग काढा. तिघांनी सरळ ४ गुणिले ८.६ केलं आणि ३४.४ मीटर प्रतिसेकंद लिहून मोकळे! म्हणजे ताशी साधारण १२४ किलोमीटर. मुंबई-आग्रा हायवेवरची एखादी मस्तवाल गाडी आवाजालाच ओव्हरटेक करायची. आधी ४००० हर्ट्झ आणि ०.०८६ मीटर करून घ्या, मग गुणा, ३४४ येतात.

प्रतिध्वनीत तर हमखास घसरतात. पांडवलेण्यांच्या डोंगराकडे तोंड करून हाक मारली, ती १.५ सेकंदांनी परत आली, तर कडा किती लांब? ३४४ × १.५ = ५१६ मीटर, आणि खाली दोन रेघा. अरे, आवाज गेला आणि आलासुद्धा! निम्मं करा, २५८ मीटर. गंमत पुढेच आहे. हे एकदा डोक्यात बसलं की विजेच्या गणितातही निम्मं करतात. वीज चमकल्यावर ४ सेकंदांनी गडगडाट ऐकू आला, तर अंतर ३४४ × ४ = १३७६ मीटरच; आवाज तिकडून इकडे एकदाच आलाय. म्हणून मी आधी वहीत बाण काढायला लावते. एक बाण की दोन?

३४४ हा आकडा २२ अंश सेल्सिअसचा, हेही विसरतात. ० अंशाला वेग ३३१, पुढे दर अंशाला सुमारे ०.६ ची भर. आपल्याकडच्या थंडीत पहाटे पारा १० वर असला तर ३३७ धरा.

आवाज हवेतून गंगापूर धरणाच्या पाण्यात शिरला, तर वारंवारता बदलू नका, ती स्रोताची. ३४४ हर्ट्झच्या आवाजाची हवेतली १ मीटरची तरंगलांबी पाण्यात, वेग १५०० धरला तर, ४.३६ मीटर होते.

संपीडन (हवेचे कण दाटलेली जागा) ते शेजारचं विरलन (कण विरळ झालेली जागा) ही अर्धीच तरंगलांबी. आणि आलेखात आडव्या अक्षावर वेळ असेल, तर लागोपाठच्या दोन शिखरांमधलं अंतर म्हणजे दोलनकाल (एका दोलनाला लागणारा वेळ), तरंगलांबी नव्हे. गेल्या वर्षी अक्षाला नाव न देताच मी आलेख काढला होता. सगळा वर्ग खाली मान घालून उतरवत होता. मागच्या बाकावरची एकटी विचारती झाली, "मॅडम, हा अक्ष कशाचा?"