तलवार नेचा: पर्णिकेची ‘मूठ’ बघा

अमेरिकेच्या वायव्येला, सिअ‍ॅटल-पोर्टलंडकडे घरामागे सावलीचा ओलसर कोपरा असेल, तर तिथे आधी सोर्ड फर्न, म्हणजे तलवार नेचा लावा. डग्लस फर आणि हेमलॉक या सूचिपर्णी झाडांच्या तिथल्या जंगलातला हा नेचा बारा महिने हिरवागार असतो.

ओळखायला एकच पर्णिका, म्हणजे लांब पानाच्या दांड्यावरचं एक छोटं पान, डोळ्यांजवळ धरा. दांड्याला चिकटते तिथे वरच्या कडेला छोटा कान दिसतो, अगदी तलवारीच्या मुठीसारखा. तसाच दिसणाऱ्या डिअर फर्नला हा कान नसतो. त्याची पर्णिका पूर्ण रुंदीने दांड्याला जोडलेली असते. पानाखाली गोल तपकिरी ठिपक्यांच्या रांगा दिसल्या तर घाबरून औषध फवारू नका. ती कीड नव्हे, बीजाणूंचे पुंजके आहेत.

शरदात, तिथला पाऊस सुरू झाला की लावा. मातीत कुजलेला पालापाचोळा भरपूर मिसळा, दोन रोपांत मीटरभर अंतर ठेवा आणि पानं जिथून फुटतात तो गड्डा मातीखाली गाडू नका, कुजतो. तिथला जुलै-ऑगस्ट कोरडा, म्हणून पहिले दोन उन्हाळे मुळांपर्यंत पाणी मुरू द्या. जुनी पानं कापायचीच असतील तर हिवाळा सरताना, नवे गुंडाळलेले कोंब वर येण्याआधी कापा. रोप मात्र नर्सरीतूनच आणा, जंगलातून उपटून नको.