समाजशास्त्राचा पहिला पेपर : या चुका टाळा

'समाजशास्त्रात काय, मनानं लिहिलं तरी चालतं' हे वाक्य पहिल्या वर्षाच्या वर्गात हमखास ऐकू येतं. या समजापायी, वर्षभर नेमानं तासाला बसलेल्या मुलांचेही गुण जातात, याचं फार वाईट वाटतं.

सगळ्यात जास्त घोळ उदाहरणात होतो. प्राथमिक समूहाची वैशिष्ट्ये विचारली की कोल्हापूरचं पोरगं तालमीचं उदाहरण देतं, आणि ते द्यावंच. पण उत्तर असं असतं : 'आमच्या तालमीत सगळे भावासारखे राहतात, अडीनडीला धावून येतात, म्हणून तालीम हा प्राथमिक समूह आहे.' खोटं काहीच नाही, पण यात समाजशास्त्र कुठंय? चार्ल्स कूली यांनी १९०९ मध्ये ही संकल्पना मांडली. कुटुंब, मुलांचा खेळगट आणि शेजार ही त्यांची उदाहरणं. ते आधी लिहा. मग एकेक वैशिष्ट्य तालमीला लावून बघा : समोरासमोरचा संबंध, 'आम्ही'ची भावना, फायद्यातोट्याचा हिशेब न करता टिकलेलं नातं. आणि तिथंच थांबू नका. त्याच तालमीचं मंडळ असतं. त्याला अध्यक्ष, खजिनदार, वर्गणीचं पावतीपुस्तक असतं. ती बाजू दुय्यम समूहाकडं, म्हणजे कामापुरत्या, नियमांनी बांधलेल्या औपचारिक समूहाकडं झुकते. एकाच ठिकाणी दोन्ही कसं नांदतं, हे दोन ओळींत दाखवलंत तर संकल्पना कळलीय हे तपासणाऱ्याला लगेच दिसतं. फुटबॉलच्या हंगामात समोरच्या संघाबद्दल पेठेत जे बोललं जातं, तेही वाया घालवू नका. अंतर्गट-बाह्यगटाच्या, म्हणजे 'आपण' आणि 'ते' या भेदाच्या प्रश्नात, ही संकल्पना मांडणाऱ्या समनर यांच्या नावासोबत ते चपखल बसतं.

दुसरी चूक शाहू महाराजांच्या बाबतीत. प्रश्न सामाजिक स्तरीकरणाचा, म्हणजे समाजातल्या उच्चनीच थरांचा, आणि उत्तरात जन्म, दत्तकविधान, राज्यारोहण. आदर मनापासूनचा असतो, पण पानभर चरित्र लिहून प्रश्न तसाच राहतो. इथं हवाय तो २६ जुलै १९०२ चा जाहीरनामा : संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासवर्गीयांसाठी. जन्मानं चिकटलेला अर्पित दर्जा नोकरीच्या आड येत होता; वसतिगृहं, शिक्षण आणि या राखीव जागांमुळं अर्जित, म्हणजे स्वतः कमावलेल्या दर्जाची वाट खुली झाली. एवढं लिहिलंत की महाराजांचं काम उत्तरात खऱ्या अर्थानं येतं.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दर्खाइम यांच्या १८९७ च्या आत्महत्येवरील अभ्यासाबद्दल लिहिताना एकेका माणसाचं दुःख, ताण, कर्ज यात शिरू नका. त्यांनी समूहासमूहांतल्या आत्महत्येच्या दरांची तुलना केली आणि तो फरक सामाजिक एकात्मता (माणसं समूहाशी किती जोडलेली आहेत) व नियमन (समूहाचे नियम त्यांना किती बांधतात) यांवरून उलगडला. 'दर' हा शब्दच नसेल तर उत्तर मानसशास्त्राचं होतं.

दर्जा आणि भूमिका यांची सरमिसळ तर नेहमीचीच. केएमटीचा, म्हणजे कोल्हापूरच्या शहर बसचा वाहक हा दर्जा. तिकीट फाडणं, थांब्यावर बेल देणं ही त्या दर्जाकडून अपेक्षित असलेली भूमिका. सख्खा भाचा विनातिकीट चढला तर मामा म्हणून सोडायचं की वाहक म्हणून दंड करायचा? एकाच माणसाच्या दोन भूमिकांची अशी ओढाताण, हा भूमिकासंघर्ष.

आदल्या रात्री झेरॉक्सच्या नोट्स नुसत्या वाचत बसू नका. कोऱ्या कागदावर संकल्पना, विचारवंत आणि आपल्या गल्लीतलं एक उदाहरण अशी सांगड न बघता लिहा. जिथं पेन अडेल, तेवढंच पुन्हा वाचा.