जुन्या पिकअपचा ऑक्सिजन सेन्सर बदलताना

ऑक्सिजन सेन्सरचे आटे जवळजवळ सगळ्या गाड्यांना एकाच मापाचे असतात: १८ मिलिमीटर, दीडची पिच (दोन आट्यांमध्ये दीड मिलिमीटर अंतर). म्हणून दुकानदाराने काउंटरवर ठेवलेला कुठलाही सेन्सर तुमच्या एक्झॉस्टला बसतो, आणि फसगत होते ती इथेच. बसला म्हणजे तो त्या गाडीचा झाला असं नाही. आतला हीटर, वायरींची संख्या आणि त्यांचा क्रम ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, हवा तसाच लागतो. नाहीतर चेक लाइट चार दिवसांनी पुन्हा पेटते.

आधी गाडीत सेन्सर आहे का ते बघा. मुंबईत माल वाहणाऱ्या जुन्या पिकअपपैकी बऱ्याच डिझेल आहेत आणि बीएस ४ (धुराच्या प्रदूषणाचा सरकारी टप्पा) पर्यंतच्या डिझेल पिकअपला हा सेन्सर सहसा नसतोच. काळ्या धुरासाठी कुणी सेन्सर बदलायला सांगितला, तर तो कुठे बसवलाय ते आधी दाखवायला सांगा. पुढचं सगळं पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांसाठी आहे. त्यांत एक सेन्सर मॅनिफोल्डजवळ (इंजिनातून धूर बाहेर आणणाऱ्या पहिल्या नळीजवळ), कॅटच्या म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी असतो. २०१३ नंतरच्या गाड्यांना बहुतेक वेळा कॅटच्या मागे दुसराही असतो. हवा-पेट्रोलचं मिश्रण सांभाळतो तो पुढचा, मागचा मुख्यतः कॅटवर नजर ठेवतो. दोघांचे पार्ट नंबर बहुधा वेगळे असतात, तेव्हा नुसतं ‘ऑक्सिजन सेन्सर द्या’ म्हणून भागत नाही.

पैसे घालण्याआधी दोष खरंच सेन्सरचा आहे का हे तपासायलाच हवं. हा सेन्सर पेट्रोल मोजत नाही, धुरातला ऑक्सिजन मोजतो. सेन्सरच्या आधी मॅनिफोल्डचा पॅकिंग गेला असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर प्रामाणिकपणे ‘मिश्रण पातळ’ (पेट्रोल कमी) सांगतो, ईसीयू पेट्रोल वाढवतो आणि अ‍ॅव्हरेज पडतं. एखादा प्लग मिसिंग मारत असेल तरी तेच, कारण न जळलेला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो. इंजिन थंड असताना स्टार्ट करून मॅनिफोल्डच्या जोडाशी कान द्या. फटफट आवाज किंवा काजळीची काळी रेघ दिसली तर पॅकिंग आधी बदला. स्कॅनरवर पी ०१७१ किंवा पी ०१७२ हा मिश्रणाचा कोड आला म्हणून सेन्सर मागवू नका. पी ०१३० ते पी ०१३५ हे पुढच्या सेन्सरचे आणि त्याच्या वायरिंगचे कोड आहेत. त्यातला पी ०१३५ हीटरच्या सर्किटचा, आणि त्यात पुष्कळदा फक्त फ्यूज उडालेला असतो.

मल्टिमीटर डिजिटलच घ्या. काट्याचा मीटर किंवा टेस्ट लॅम्प सिग्नलच्या वायरीला लावू नका, सेन्सर इतका करंट देऊ शकत नाही. इंजिन चांगलं तापू द्या, आरपीएम २००० ते २५०० ठेवा आणि कपलरच्या (वायरी जोडणाऱ्या कनेक्टरच्या) मागून सिग्नलच्या वायरीवर व्होल्टेज बघा. ठीक असलेल्या पुढच्या सेन्सरचं व्होल्टेज ०.१ आणि ०.९ च्या दरम्यान सारखं वरखाली होतं, दहा सेकंदांत अनेक वेळा. ते ०.४५ च्या आसपास चिकटून बसलं, तर एकतर सेन्सर तापत नाहीये किंवा मेलाय. कायम खाली पडलेलं असेल तर एअर क्लीनरच्या तोंडाशी थ्रॉटल क्लीनरचा अगदी छोटा फवारा मारा, गरम मॅनिफोल्डपासून लांबून. व्होल्टेज झटकन ०.८ च्या वर गेलं तर सेन्सर जिवंत आहे, खोट दुसरीकडे शोधा. सीएनजी गाडीत ही तपासणी पेट्रोलवर आणि गॅसवर अशी दोन्हीकडे करा. पेट्रोलवर सिग्नल नीट आणि गॅसवर बिघडलेला असेल तर गॅस किटचं ट्यूनिंग करून घ्यायचं.

बाहेरून बसवलेल्या किटमध्ये आणखी एक भानगड असते. किटवाल्याने सिग्नलच्या वायरीला जोड मारून ती गॅसच्या ईसीयूकडे नेलेली असते, बहुधा जांभळी वायर. काही जुन्या किटमध्ये मूळ वायर कापून ईसीयूला खोटा सिग्नल दिलेला असतो. ही वायर आधी शोधा, नाहीतर नवा सेन्सर घालूनही जुनाच कोड दिसत राहील.

आता निवड. गाडीखाली जाऊन सेन्सरच्या वायरी मोजा. एक वायर म्हणजे हीटर नाही. तीन म्हणजे दोन हीटरच्या आणि एक सिग्नलची, अर्थिंग बॉडीतून. चार म्हणजे सिग्नलचं अर्थिंगही वेगळं. चारच्या जागी तीन वायरींचा घेऊ नका, गंजलेल्या एक्झॉस्टमधून अर्थिंग नीट मिळत नाही आणि आपल्या खाऱ्या हवेत गंज चढतोच. पाच वायरींचा असेल तर तो वाइडबँड, त्याची जातच निराळी, अदलाबदल अजिबात नाही. बॉशच्या चार वायरींच्या सेन्सरमध्ये काळी सिग्नलची, राखाडी अर्थिंगची आणि दोन पांढऱ्या हीटरच्या. डेन्सोमध्ये मात्र दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नलची, पांढरी अर्थिंगची. रंग बघून काळ्याला काळी जोडली तर हीटरचे १२ व्होल्ट थेट सिग्नलच्या वायरीत जातात.

मग नंबर. सेन्सरच्या षटकोनी भागावर किंवा वरच्या धातूच्या नळीवर तो कोरलेला असतो. तारेच्या ब्रशने हलकेच घासून टॉर्च तिरका धरला की अक्षरं उठून दिसतात. बॉशचा नंबर ०२५८ ने सुरू होतो आणि दहा आकडी असतो. त्याचा फोटो काढा, सोबत आरसीवरचा चेसिस नंबर, उत्पादनाचा महिना आणि बीएस क्रमांक न्या. एकाच मॉडेलचा बीएस ३ आणि बीएस ४ चा सेन्सर वेगळा असू शकतो. कपलर आणि वायरची लांबी जुन्याशी जुळवून बघा. आखूड वायर इंजिन हलल्यावर ओढली जाते, लांब वायर लोंबून सायलेन्सरवर वितळते.

काउंटरवरच मीटर लावून हीटरचा रेझिस्टन्स मोजा. थंड असताना तो मॉडेलप्रमाणे साधारण ३ ते २० ओहमच्या मध्ये येतो. जुन्याचा हीटर शाबूत असेल तर त्याच्याशी पडताळा, मोठा फरक निघाला तर तो सेन्सर परत द्या. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना सेन्सर स्वस्तात मिळेल, पण घेऊ नका. त्याने किती तेल आणि कूलंट खाल्लंय हे बाहेरून कळत नाही. तिथून घ्यायची चीज म्हणजे वायरसकट कपलर. युनिव्हर्सल सेन्सर घेतला तर जोड क्रिंपनेच (दाबून बसवायच्या धातूच्या नळीने) करा, सोल्डर नको. बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीच्या आतूनच मिळते आणि सोल्डर, ग्रीस किंवा काँटॅक्ट क्लीनर ती वाट बुजवतात.

जुना काढल्यावर टोक उजेडात धरा. फिकट तपकिरी असेल तर नुसतं वय झालंय. मऊ काळी काजळी म्हणजे मिश्रण जाड. पांढरट, दाणेदार थर बहुधा कूलंट किंवा सिलिकॉनचा. हेड गॅस्केट गळत असेल, किंवा पॅकिंगला साधं सिलिकॉन सीलंट फासलं असेल, तर नवा सेन्सरही तसाच मरेल. आधी ते कारण काढा. पावसाळ्यात हिंदमाताच्या किंवा अंधेरी सबवेच्या पाण्यातून गाडी काढली की तापलेल्या सिरॅमिकला तडा जाऊ शकतो. कोड अशा दिवसानंतर आला असेल तर आधी कपलर उघडून कोरडा करून बघा.

काढायला २२ मिलिमीटरचा, वायरीसाठी चीर असलेला सॉकेट लागतो. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि इंजिन कोमट असताना काढा. आटे खराब झाले तर १८ बाय दीडचा टॅप फिरवा. नव्या सेन्सरच्या आट्यांना बहुधा पेस्ट लावलेली येते. नसेल तर सेन्सरला चालणारी अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) फक्त आट्यांना लावा, टोकाला एक थेंबही नको. ४० ते ५० न्यूटन-मीटरला आवळा.

कोड पुसून २०–३० किलोमीटर चालवा, थोडी हायवेवर, थोडी ट्रॅफिकमध्ये. स्कॅनरवर फ्यूएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती वाढवतो-घटवतो तो आकडा) अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत राहिली की काम झालं. बीएस ४ पेट्रोल गाडीच्या पीयूसीत २५०० आरपीएमच्या आसपास लॅम्डा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा) ०.९७ ते १.०३ मध्ये यायला हवा, त्या आकड्याकडे लक्ष द्या. जुना सेन्सर मात्र भंगारात टाकू नका. त्याचा कपलर वीतभर वायर राखून कापा आणि नव्याच्या खोक्यात नंबरासकट ठेवून द्या.